तात्या विंचू आता घाबरवत का नाही? स्लॅशर सिक्वेल ताजे कसे राहतात

(एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडलेत, तेव्हा जपून वाचा.)

आजचा विषय आहे न मरणारे खुनी. म्हणजे असं बघा, एक खुनी असतो. पहिल्या भागाच्या शेवटी तो मरतो. गोळ्या खाऊन, जळून, बुडून, कसाही. दोन वर्षांनी पोस्टर येतं, 'तो परत आलाय'. मग तिसऱ्यांदा येतो, सातव्यांदा येतो. 'हॅलोवीन' या मालिकेत आजवर तेरा सिनेमे झालेत. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे बारा. प्रश्न सरळ आहे: इतक्या वेळा तेच दाखवून त्यात काही ताजं उरतं का?

आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा आहे असं समजू नका. आपल्याकडे तात्या विंचू आहे. 'झपाटलेला' आला १९९३ मध्ये, 'झपाटलेला २' आला २०१३ मध्ये, आणि तिसऱ्या भागाचीही घोषणा झालेली आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिला भाग टीव्हीवर, आजीच्या पदराआडून पाहिलाय. त्या वेळी रात्री कपाटावरच्या बाहुल्याकडे पाठ करून झोपायची हिंमत नव्हती. आणि आज? आज तात्या विंचू मीम आहे, स्टिकर आहे. मित्राला गुड मॉर्निंग म्हणून पाठवायचं चित्र आहे. त्याचं असं का झालं, तेच आज उलगडून बघू.

आधी स्लॅशर म्हणजे काय ते

स्लॅशर हा भयपटाचाच एक प्रकार. एक खुनी, शक्यतो ठरावीक चेहऱ्याचा किंवा मुखवट्याचा. तो एकेकाला गाठून मारतो. हत्यार जवळून वापरायचं, सुरी, कोयता, कुऱ्हाड असं. शेवटी एक जण उरतो, बहुतेक वेळा एक मुलगी, आणि ती त्याला हरवते.

हे सिनेमे इतके का निघाले, याचं उत्तर पैशात आहे. जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्चात झाला. खुन्याचा तो भयाण पांढरा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, वरून पांढरा रंग मारलेला. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) साडेपाच लाख डॉलरमध्ये झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने जवळपास चार कोटी कमावले. मोठा स्टार नको, महागडे सेट नकोत. असं झाड सापडल्यावर कोण हलवायचं थांबेल?

पण झाड हलवून हलवून फळं संपतात. ती का संपतात, हे समजायला पहिल्या भागात नेमकं काय असतं ते बघावं लागेल.

खरं इंजिन: कोणी विश्वास ठेवत नाही

आपल्याला वाटतं की भीती खुन्यात असते. माझं म्हणणं असं की भीती तिथे अर्धीच असते. उरलेली अर्धी एका साध्या गोष्टीत असते: ज्याला धोका दिसलाय, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

'हॅलोवीन' घ्या. गोष्ट हॅलोवीनच्या रात्रीची. त्या रात्री सगळेच मुखवटे घालून फिरतात, त्यामुळे मुखवटा घातलेला माणूस झाडाआड उभा असला तर कोणाला काही वाटत नाही. पुढे लॉरी जीव मुठीत धरून शेजाऱ्यांचं दार वाजवते. शेजारी पडद्याआडून बघतात आणि दिवा घालवतात. त्यांना वाटतं, पोरांची मस्करी चाललीय. सगळ्या सिनेमात मला सगळ्यात भयंकर वाटतो तो हा दिवा विझतो तो क्षण. त्यात एक थेंब रक्त नाही.

'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) मध्ये फ्रेडी स्वप्नात येऊन मारतो. आता तुम्ही आईला सांगा, मला स्वप्नातला माणूस मारणार आहे. आई काय म्हणेल? झोप बाळा, सगळं ठीक होईल. आणि झोपणं हाच तर मरणाचा रस्ता.

'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मध्ये चकी नावाच्या बाहुल्यात एका खुन्याचा आत्मा शिरलाय. हे कळलंय फक्त अँडीला. अँडी सहा वर्षांचा. सहा वर्षांचं पोर म्हणतं की बाहुला बोलतो, तर मोठी माणसं हसतात, दुसरं काय?

आता या पार्श्वभूमीवर 'झपाटलेला' बघा. महेश कोठारेंनी कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतली हे उघड आहे. मरणारा गुंड, मंत्र, बाहुल्यात शिरलेला आत्मा, आणि बाहुल्यातून सुटण्यासाठी एका ठरावीक माणसाचं शरीर मिळवायची धडपड. 'नक्कल आहे' असं म्हणून बरेच जण विषय संपवतात. पण त्यांनी एक बदल केला, आणि तो बदल फार हुशारीचा आहे. त्यांनी सहा वर्षांचं पोर काढलं आणि त्या जागी आणला लक्ष्या, एक शब्दभ्रमकार. म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस.

जरा विचार करा. लक्ष्या ओरडून सांगतो की बाहुला स्वतः बोलतोय. पण बाहुल्याला बोलायला लावणं हाच तर त्याचा धंदा! तो खरं बोलायला जातो आणि लोकांना वाटतं, वा, काय मस्त जमलंय तुला. पुढे माणसं मरायला लागतात तेव्हा संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. अँडीवर विश्वास बसत नव्हता कारण तो लहान होता. लक्ष्यावर विश्वास बसत नाही कारण तो त्याच्या कामात बरा आहे! मूळ सिनेमातल्या अडचणीपेक्षा ही अडचण जास्त क्रूर आहे, आणि जास्त विनोदीसुद्धा. लक्ष्मीकांत बेर्डे ज्या घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने ती वाहून नेतात, त्यात आपण हसतो आणि घाबरतोही. दोन्ही एकाच वेळी.

मग दुसऱ्या भागात अडतं कुठे?

अडतं ते इथे की पहिल्या भागानंतर प्रेक्षकाला सगळं माहीत असतं. बाहुला जिवंत आहे का, हा प्रश्न संपला. 'खरंच असेल का?' ही कुजबुज संपली. इंजिन बंद पडलं. आता गाडी ढकलायची कशी? निर्मात्यांनी आजवर जे उपाय केलेत ते साधारण तीन.

पहिला उपाय, आकडा वाढवा. जास्त खून, जास्त रक्त, मरायच्या नवनव्या तऱ्हा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर शिळा होणारा उपाय. पडद्यावर आलेला माणूस दहा मिनिटांत मरणार हे कळलं की आपण त्याचं नावसुद्धा लक्षात ठेवत नाही. आणि नाव लक्षात नाही त्याच्या मरणाची भीती कशी वाटणार?

दुसरा उपाय, तंत्र बदला. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग १९८२ मध्ये थ्रीडीत आला. गंमत म्हणजे जेसनचा तो जगप्रसिद्ध हॉकीचा मुखवटा याच भागात पहिल्यांदा दिसतो. पहिल्या भागात तर खुनी जेसन नव्हताच, त्याची आई होती! फ्रेडीचा सहावा भाग (१९९१) शेवटी थ्रीडी होतो. आपल्या रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर'च्या यशानंतर १९८५ मध्ये 'सामरी' थ्रीडीत काढला. आणि 'झपाटलेला २' मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून गाजवला गेला. जग वेगळं, भाषा वेगळी, वर्ष वेगळं, पण सिक्वेलवाल्यांना सुचतं तेच. थ्रीडीत सुरी डोळ्यांसमोर येते तेव्हा आपण दचकतो, हे खरं. पण दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. दचकणं सेकंदभराचं असतं. घाबरणं घरापर्यंत सोबत येतं.

तिसरा उपाय, खुन्यालाच हीरो करा. फ्रेडीचं हेच झालं. भागागणिक तो विनोद मारायला लागला. त्याची खेळणी निघाली, १९८८ मध्ये त्याच्या नावाची टीव्ही मालिका आली. ज्याच्या नावाने मुलं झोपेत दचकायची, त्याचेच टी-शर्ट मुलं घालायला लागली. तात्या विंचूचा प्रवास थोडाफार असाच आहे. रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला इतका देखणा जमलाय की सिनेमा संपल्यावरही तो संपला नाही. पाध्येंच्या खेळांत तो रंगमंचावर येत राहिला, मुलांना हसवत राहिला. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात इतका रस आहे की ऐकावंसंच वाटतं. म्हणजे मधल्या वीस वर्षांत आपण तात्याला घरातला माणूस करून टाकलं. घरातल्या माणसाला कोण घाबरणार?

आणि 'झपाटलेला २'समोर एक चौथी अडचण होती, जिला कोणाकडेच उत्तर नव्हतं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे, आदित्यकडे सरकवावी लागली. आदिनाथ कोठारेंनी ती भूमिका केली. बाहुला तोच, आवाज तोच, इन्स्पेक्टर महेश जाधव तोच. पण पहिला सिनेमा दोन पायांवर उभा होता, एक तात्या आणि दुसरा लक्ष्या. दुसऱ्या भागाला एका पायावर उभं राहावं लागलं. पोस्टरवर तात्या असला तरी आपण पहिला सिनेमा कोणाच्या बाजूने पाहिला होता, हे तो नसल्यावर कळतं.

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं?

आता दुसरी बाजू. काही सिक्वेल खरंच ताजे निघालेत. त्यांत मला एक समान धागा दिसतो: त्यांनी 'विश्वास न बसण्याचं' नवं कारण शोधलं.

'हॅलोवीन' (२०१८) बघा. या सिनेमाने काय केलं, तर १९७८ चा पहिला भाग तेवढा खरा धरला आणि मधले सगळे सिक्वेल झाले नाहीत असं मानलं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या कमिटवरून नवी ब्रँच काढली. लॉरी आता आजी झालीय. चाळीस वर्षं ती घराला कुलपं लावून, बंदुका जमवून, तो परत येईल म्हणून बसलीय. तिच्या मुलीला वाटतं, आई त्या रात्रीतून बाहेरच आली नाही, तिच्यापायी आमचं बालपण वाया गेलं. म्हणजे १९७८ मध्ये शेजाऱ्यांनी दिवा घालवला होता, आता पोटच्या मुलीने घालवला. भीती तीच, पण चाळीस वर्षांनी वाढलेली. सुमारे एक कोटी डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमाने जगभरात पंचवीस कोटींहून जास्त कमाई केली.

फ्रेडीचं बघा. तो विदूषक होऊन बसल्यावर त्याचा जन्मदाता वेस क्रेव्हन परत आला आणि त्याने 'न्यू नाइटमेअर' (१९९४) केला. यात पहिल्या सिनेमाची नायिका हेदर लँगेनकँप स्वतःच्याच भूमिकेत आहे, म्हणजे फ्रेडीच्या सिनेमात काम केलेली नटी. तिने 'फ्रेडी खरा आहे' असं म्हटलं तर जग म्हणणार, बाई, तुम्ही तर त्या सिनेमात होता ना? किती सोपं आणि किती घट्ट कारण!

आणि चकी. माझ्या मते या सगळ्यात लांब पल्ल्याचा खेळाडू तोच. डॉन मॅन्सिनी हा लेखक १९८८ पासून त्याच्यासोबत आहे, आणि आवाज ब्रॅड डॉरिफचा. ती दोन माणसं कायम ठेवून मॅन्सिनीने बाकी सगळं बदलून बघितलं. १९९८ मध्ये चकीचं लग्न लावलं, सिनेमा चक्क विनोदी झाला. २००४ मध्ये त्याला मूल झालं. मग २०१३ मध्ये, म्हणजे 'झपाटलेला २'च्याच वर्षी, 'कर्स ऑफ चकी' आला. एक जुनं घर, एक रात्र, आणि व्हीलचेअरवर बसलेली निका. शेवटी निका वाचते, पण खुनांचा आळ तिच्यावरच येतो आणि तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. पुढचा भाग (२०१७) तिथेच घडतो. मनोरुग्णालयात बसून 'बाहुल्याने मारलं' असं सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? हा धागा पुढे टीव्ही मालिकेत (२०२१ ते २०२४) तीन सीझन चालला. अँडीसुद्धा त्यात परत आला, तोच नट, आता मोठा झालेला.

अजून एक योगायोग सांगतो. निकाची भूमिका केली फियोना डॉरिफने, म्हणजे चकीला आवाज देणाऱ्याच्या मुलीने. २०१३ मध्ये दोन्हीकडे बाहुला जुना आणि समोर उभी पुढची पिढी. एका सिनेमाने त्या पिढीसाठी नवी कोंडी रचली, दुसऱ्याने थ्रीडीवर भर दिला. आज कोणता जास्त आठवतो, तुम्हीच ठरवा.

पण ताजेपणा हवाच कशाला?

आता कोणी म्हणेल, अरे, प्रत्येक गोष्ट नवी कशाला पाहिजे? तेच ते बघायला मजा येते म्हणून तर लोक जातात. बरोबर आहे, आणि हे मी पैठणचा असल्यामुळे लगेच मान्य करतो. आमच्याकडे विंचू म्हटलं की तात्याच्या आधी नाथांचं भारूड आठवतं. एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. नाथषष्ठीला दिंड्या येतात, कीर्तनं होतात, भारुडं रंगतात. विंचू चावलेला माणूस तडफडतो, लोक हसतात. हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे, हे समोरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. शेवट चारशे वर्षांपूर्वीच फुटलाय! तरी माणसं मांडी घालून बसतात.

पण बारकाईने बघा, चांगला भारुडकरी काय करतो. शब्द नाथांचे ठेवतो आणि मधल्या मोकळ्या जागेत आजचं गाव आणतो. विंचू कोणाला चावला? निवडणुकीला उभा राहिलेल्याला, हुंडा मागणाऱ्याला, दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घातलेल्याला. पुढे बसलेला एखादा माणूस जरा चुळबुळतो. विंचू जुनाच असतो, डंख मात्र आजचा लागतो. म्हणून ते शिळं होत नाही. आणि ज्या दिवशी भारुडकरी फक्त जोरात ओरडतो आणि लाइट लावतो, त्या दिवशी मागची माणसं चहाला उठतात.

स्लॅशरचंही गणित हेच. खुनी, मुखवटा, मंत्र, नियम, हे सगळं कायम असू द्या. प्रेक्षक त्यासाठीच येतो. बदलायचं ते 'आज हे कोणाला चावतंय आणि त्याचं कोणी का ऐकत नाही' याचं उत्तर.

मग तात्याला आज कोण घाबरेल?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. २०१९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले'चा नवा अवतार आला, मॅन्सिनीशिवाय. त्यात आत्मा नाही, मंत्र नाही. बाहुला म्हणजे घरातली सगळी उपकरणं चालवणारं स्मार्ट खेळणं, आणि कारखान्यातल्या एका वैतागलेल्या कामगाराने त्यातले सुरक्षेचे नियम काढून टाकलेत. कल्पना आजची आहे, मला आवडली. पण बाहुल्याच्या आतला माणूसच गेला, त्याचा हावरटपणा गेला, नावं ठेवणारी जीभ गेली. बिघडलेल्या मशीनचा राग येत नाही, आपण ते फक्त बंद करायला धावतो. म्हणजे काळ आजचा घेतला आणि विंचू सोडला. हेही चालत नाही.

तात्याकडे मात्र दोन्ही जमण्यासारखं आहे. १९९३ मध्ये 'बाहुला बोलला' यावर विश्वास बसत नव्हता कारण शब्दभ्रमकला होती. आज कोणी म्हणेल, आता काय, फोन काढ आणि व्हिडिओ कर, पुरावा तयार! पण आज व्हिडिओ दाखवला तर पहिली प्रतिक्रिया काय येते? 'एआय आहे रे.' मुलाच्या आवाजात फोन करून आईबापांना लुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. आवाज कोणाचा आणि तोंड कोणाचं, हा लक्ष्याच्या खेळाचा मूळ प्रश्न आता प्रत्येकाच्या खिशात आहे. लक्ष्याच्या घरातलं कोणी तात्याचा खराखुरा व्हिडिओ टाकतं, त्याला लाखो लाइक येतात, आणि खाली सगळे विचारतात, कोणतं ॲप वापरलं? सांगा बरं, यात भीती आहे की नाही? आणि हसूसुद्धा.

इथेच एक धोका पण आहे. गेलेल्या कलाकाराचा चेहरा आणि आवाज सॉफ्टवेअरने पुन्हा उभा करणं आज शक्य आहे. लक्ष्याला परत आणा, असं कोणालाही वाटेल, मलाही वाटतं. पण तात्याला पहिल्या सिनेमात नेमकं काय हवं होतं ते आठवा. त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचं होतं. चेहरा लक्ष्याचा आणि आत दुसरंच कोणी. आपण तोच प्रकार तंत्राने केला, तर तात्या जिंकला असं म्हणावं लागेल. बेर्डेंचा विनोद चेहऱ्यात नव्हताच, तो नेमक्या क्षणी घ्यायच्या श्वासात होता, आणि तो क्षण ते स्वतः निवडायचे.

तर माझं उत्तर असं: हो, दहावा भागही ताजा असू शकतो. अट एवढीच, की लेखकाने खुन्याला नवं हत्यार देण्याआधी घाबरलेल्या माणसाला नवं एकटेपण द्यावं. तिसऱ्या भागाचा ट्रेलर येईल तेव्हा बाहुला किती खरा दिसतो हे बघू नका. त्यात कोण ओरडतंय, आणि ते ऐकून दिवा कोण घालवतंय, ते बघा.

तुमच्या मते कुठला सिक्वेल पहिल्या भागाइतका घाबरवतो? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तो आवाज तुमचाच असेल, असं धरून चालतो. भेटू.